जुळलेली लॅटिस ही फक्त सुरुवात: भविष्यातल्या कोलायडरच्या बीम ऑप्टिक्समधली पहिली तीन वर्षे

प्रश्न असा आहे: एम.एस्सी. भौतिकशास्त्र पूर्ण झाले आहे, पायथन येते आणि भविष्यातल्या कण-कोलायडरच्या बीम ऑप्टिक्समध्ये पीएच.डी. करायची आहे. तिथे सुरुवातीला नेमके काय काम असते, काय शिकून जावे आणि नवीन लोक कुठे अडतात?

उत्तर एका ठरावीक यंत्राला धरून देतो, कारण हवेत बोलून हा विषय कळत नाही. यंत्र आहे एफसीसी-ईई. सर्नने जिनिव्हाच्या परिसरात योजलेल्या या इलेक्ट्रॉन-पॉझिट्रॉन कोलायडरचा २०२५ साली प्रसिद्ध झालेल्या व्यवहार्यता अहवालातला परीघ सुमारे ९०.७ किलोमीटर आहे. टक्करबिंदू चार. प्रत्येक बीमची ऊर्जा चार टप्प्यांत: झेड बोसॉनसाठी ४५.६, डब्ल्यूसाठी ८० च्या आसपास, हिग्जसाठी १२० आणि टॉप क्वार्कसाठी १८२.५ जीईव्ही, म्हणजे अब्ज इलेक्ट्रॉनव्होल्ट. बीम ऑप्टिक्सवाल्याचे काम म्हणजे या ९०.७ किलोमीटरवर कोणता चुंबक कुठे, किती लांबीचा आणि किती ताकदीचा हे ठरवणे. बीम अनंत फेऱ्या टिकला पाहिजे आणि टक्करबिंदूवर त्याची उंची ३६ नॅनोमीटरच्या आसपास उतरली पाहिजे.

नवीन माणसाची पहिली समजूत अशी असते की सॉफ्टवेअरमध्ये लॅटिस, म्हणजे चुंबकांची ती मांडणी, जुळली की डिझाइन झाले. ती समजूत जितक्या लवकर सुटेल तितके बरे. जुळलेली लॅटिस हा फक्त कच्चा माल असतो. खरे काम ती चुका, प्रारण आणि अरेषीय बलांखाली टिकते का हे पाहण्याचे, आणि टिकत नसेल तर का टिकत नाही हे शोधण्याचे.

सॉफ्टवेअर उघडण्याआधी कागद

आर्क, म्हणजे बोगद्याचा वळणाचा भाग, फोडो सेलचा बनतो: फोकस करणारा क्वाड्रुपोल (भिंगासारखा चार ध्रुवांचा चुंबक), डायपोल (बीम वळवणारा चुंबक), डिफोकस करणारा क्वाड्रुपोल, पुन्हा डायपोल. सेलची लांबी ५० मीटर आणि एका सेलमध्ये कणाच्या दोलनाची फेज ९० अंशांनी पुढे जाते असे धरा. पातळ भिंगाच्या सूत्रांनी क्वाड्रुपोलचे नाभीय अंतर निघते सेलची लांबी भागिले ४ गुणिले साइन ४५ अंश, म्हणजे १७.७ मीटर. बीटाचे, म्हणजे बीमची जाडी ठरवणाऱ्या फलनाचे, कमाल मूल्य लांबीच्या १.७०७ पट, म्हणजे ८५ मीटर, किमान ०.२९३ पट, म्हणजे १५ मीटर. आता ऊर्जा आणा. १८२.५ जीईव्हीला बीमची चुंबकीय दृढता (तो वळवायला किती कठीण याचे माप) ३.३३५६ × १८२.५, म्हणजे ६०९ टेस्ला-मीटर. तिला १७.७ ने भागले की क्वाड्रुपोलचे ग्रेडियंट गुणिले लांबी मिळते ३४.४ टेस्ला. चुंबक ३ मीटर लांब असेल तर ग्रेडियंट साडेअकरा टेस्ला प्रति मीटर. साध्या लोखंडी क्वाड्रुपोलला हे सहज झेपते.

वळणाची त्रिज्या सुमारे १० किलोमीटर आहे, म्हणून डायपोलचे क्षेत्र टॉपच्या ऊर्जेला फक्त ०.०६१ टेस्ला भरते. झेडच्या ऊर्जेला ते ०.०१५ वर येते. त्याच बोगद्यात बीमला पूर्ण ऊर्जेपर्यंत नेणारा बूस्टर असेल. त्यात बीम २० जीईव्हीला शिरला तर तिथले क्षेत्र ६.७ मिलिटेस्ला. पृथ्वीचे स्वतःचे क्षेत्र ०.०५ मिलिटेस्लाच्या घरात असते, म्हणजे पाऊण टक्का! हे कागदावर पाहिलेला विद्यार्थी बूस्टरच्या कक्षेबद्दलचे प्रश्न आपणहून विचारू लागतो.

अजून दोन आकडे काढाच. डायपोलनी सेलचा ८८ टक्के भाग भरला तर सेलमागे वळण ४.४ मिलिरेडियन येते. त्यावरून डिस्पर्शन, म्हणजे ऊर्जेतल्या फरकामुळे कक्षा किती सरकते ते, कमाल १५ सेंटिमीटर आणि किमान ७ सेंटिमीटर. क्रोमॅटिसिटी, म्हणजे ऊर्जेनुसार फोकस बदलण्याचा दोष, जागच्या जागी सुधारायचा तर सेक्स्टुपोलची (सहा ध्रुवांच्या चुंबकाची) ताकद क्वाड्रुपोलच्या ताकदीला डिस्पर्शनने भागून येते. म्हणजे डिफोकस करणाऱ्या क्वाड्रुपोलजवळचा सेक्स्टुपोल दुसऱ्याच्या दुपटीहून अधिक ताकदीचा लागतो. पुढे डायनॅमिक अपर्चर (कण टिकून राहण्याची मर्यादा) खराब आले की कुठे बोट ठेवायचे याचा पहिला सुगावा इथेच मिळतो.

दुसरा आकडा एमिटन्सचा, म्हणजे बीमच्या पसाऱ्याचा. तो ऊर्जेच्या वर्गाने आणि सेलमागच्या वळणाच्या घनाने वाढतो. टॉपच्या ऊर्जेला आडवा एमिटन्स दीड नॅनोमीटर असेल तर तीच लॅटिस झेडच्या ऊर्जेला त्याचा सोळावा भाग, म्हणजे ०.०९ नॅनोमीटर देईल. ऐकायला उत्तम. पण त्याच लॅटिसचा मोमेंटम कॉम्पॅक्शनही (ऊर्जेतल्या फरकाने मार्गाची लांबी किती बदलते ते) फार लहान, दशलक्षात ७-८ इतकाच, आणि झेडला बीमचा प्रवाह सव्वा अँपिअरहून अधिक. इतक्या प्रवाहाला इतका लहान कॉम्पॅक्शन दिला की बीम स्वतःच्या विद्युत क्षेत्रांमुळे अस्थिर होतो. म्हणून झेड आणि डब्ल्यूसाठी सेलची लांबी दुप्पट धरली जाते. एमिटन्स आठपट वाढून ०.७ च्या जवळ येतो, कॉम्पॅक्शन चौपट होतो. चुंबक तेच, जागा त्याच, फक्त कोणता क्वाड्रुपोल कोणत्या चिन्हाने चालवायचा ते बदलते. एका बोगद्यात चार ऊर्जांची चार ऑप्टिक्स बसवण्याचे कसब ते हेच.

सॉफ्टवेअर, आणि त्यातले खड्डे

सर्नमध्ये मॅड-एक्स अनेक वर्षे मुख्य साधन आहे आणि आता पायथनमधले एक्ससूट वेगाने त्याच्या सोबतीला आले आहे. जपानच्या केईके प्रयोगशाळेत सॅड वापरतात. एफसीसी-ईईची मूळ लॅटिस कात्सुनोबु ओइदे यांनी सॅडमध्येच बांधली. सिंक्रोट्रॉन प्रकाशस्रोतांच्या जगात एलिगंट आणि एटी चालतात. सुरुवात एक्ससूटने करा, पण मॅड-एक्सची फाइल वाचता यायलाच हवी, कारण जुनी सगळी लॅटिस त्याच भाषेत आहेत.

पहिल्या सहा महिन्यांतल्या बहुतेक चुका भौतिकशास्त्राच्या नसतात, संकेतांच्या असतात. मॅड-एक्समधला सेक्स्टुपोलचा के-टू म्हणजे क्षेत्राचा दुसरा विकलज. एटीमधला बहुपदीचा गुणांक त्याच्या निम्मा. लॅटिस एकातून दुसऱ्यात नेताना हे विसरले की क्रोमॅटिसिटी अर्धवट सुधारलेली किंवा दामदुप्पट सुधारलेली दिसते, आणि माणूस आठवडाभर मॅचिंगला (चुंबकांच्या ताकदी जुळवण्याला) दोष देत बसतो. मॅड-एक्समधले डिस्पर्शन ऊर्जेच्या चलाशी बांधलेले असते. संवेगाशी जोडायचे तर सापेक्षतावादी बीटाने (कणाचा वेग भागिले प्रकाशाचा वेग) गुणावे लागते. एफसीसी-ईईत फरक शून्य, पण कमी ऊर्जेच्या प्रोटॉन रिंगवर काम करताना हीच चूक भोवते.

आयताकृती डायपोलची लांबी हाही असाच सापळा. ती सरळ मोजायची की कमानीवरून, हे एका पर्यायावर ठरते. २२ मीटरचा डायपोल आणि १० किलोमीटरची त्रिज्या घेतली तर एका चुंबकामागे फरक ४ मायक्रोमीटरचा. क्षुल्लक वाटतो ना? असे अडीच-तीन हजार डायपोल मिळून परिघात १२ मिलिमीटरचा फरक पडतो. परिघाशी तुलना केली तर तो एक कोटीत १.३ भाग भरतो; त्याला ७.४ दशलक्षांश कॉम्पॅक्शनने भागा, ऊर्जेतला फरक येतो १.८ टक्के. म्हणजे आरएफची (बीमला ऊर्जा देणाऱ्या रेडिओ-वारंवारता यंत्रणेची) वारंवारता दुसऱ्या फाइलमधून जशीच्या तशी उचलली तर बीम जवळजवळ दोन टक्के चुकीच्या ऊर्जेवर बसेल, आणि टॉपच्या ऊर्जेला यंत्राची सगळी सोसण्याची मर्यादाच अडीच टक्क्यांच्या आसपास आहे.

म्हणून कोणतीही लॅटिस हाती आली की आधी चार गोष्टी तपासा: सगळ्या डायपोलच्या कोनांची बेरीज बरोबर दोन पाय (२π) आहे का, सर्व्हे केल्यावर (चुंबकांच्या जागा काढल्यावर) रिंग बंद होते का, परीघ अपेक्षित आहे का, आणि दोन वेगळ्या सॉफ्टवेअरमधली ट्यून (एका फेरीतल्या दोलनांची संख्या) निदान चौथ्या दशांशापर्यंत जुळते का. जाड चुंबकांचे पातळ तुकडे करून ट्रॅकिंग करणार असाल तर तुकडे केल्यावर ट्यून आणि क्रोमॅटिसिटी पुन्हा जुळवा; त्या हलतातच. कपलिंग असलेल्या, म्हणजे आडवी-उभी दोलने एकमेकांत मिसळणाऱ्या, लॅटिसमध्ये सॉफ्टवेअरने छापलेल्या क्रोमॅटिसिटीवर विसंबू नका. संवेग थोडा वरखाली करून दोन्हीकडच्या ट्यूनचा फरक स्वतः काढा.

मॅचिंग

आर्कपासून सरळ भागापर्यंत बीम नेताना दोन्ही प्रतलांतले बीटा आणि अल्फा (बीटाच्या उताराचे माप) मिळून चार अटी, डिस्पर्शन आणि त्याच्या उताराच्या दोन, फेजच्या दोन. आठ अटींना आठ स्वतंत्र क्वाड्रुपोल तरी हवेत. डिस्पर्शन शून्यावर आणायला ९० अंशांच्या सेलमध्ये निम्म्या वळणाचे दोन सेल पुरतात, ६० अंशांना तीन लागतात. हे आधी बसवले की मॅचिंगवरचा भार हलका होतो.

थेट अंतिम मूल्य मागू नका. बीटा-स्टार, म्हणजे टक्करबिंदूवरचे बीटा, आधी दहापट मोठे ठेवून उत्तर मिळवा आणि मग पायरीपायरीने खाली या. प्रत्येक पायरीला आधीचे उत्तर सुरुवात म्हणून द्या. चुंबकांच्या ताकदीच्या मर्यादा पहिल्या दिवसापासून घाला. नाहीतर शेजारचे दोन क्वाड्रुपोल एकमेकांविरुद्ध प्रचंड ताकदीने भांडतात आणि कागदावर मात्र सगळ्या अटी पूर्ण दिसतात. अशी उत्तरे ओळखायची सोपी रीत आहे: प्रत्येक क्वाड्रुपोल दहा हजारांत एक भागाने बदला आणि बीटा-स्टार किती हलते ते नोंदवा. दोन उत्तरे सारखीच जुळत असतील तर कमी हलणारे घ्या, जरी दुसऱ्याचा आलेख अधिक देखणा असला तरी.

शेवटचे सव्वादोन मीटर

या विषयाचा गाभा इथे आहे. एफसीसी-ईईत टक्करबिंदूपासून पहिल्या क्वाड्रुपोलपर्यंतचे अंतर २.२ मीटर आणि झेडच्या ऊर्जेला उभे बीटा-स्टार ०.७ मिलिमीटर. रिकाम्या जागेत बीटा अंतराच्या वर्गाने वाढतो: २.२ चा वर्ग भागिले ०.०००७, म्हणजे ६९०० मीटर. आर्कमध्ये ८५, इथे ६९००.

याचे परिणाम हाताने मोजून पाहा. भिंगाचे नाभीय अंतर साधारण २.२ मीटर धरले तर एका बाजूची उभी क्रोमॅटिसिटी २.२ भागिले ४ पाय गुणिले ०.०००७, म्हणजे उणे २५०. दोन बाजू, चार टक्करबिंदू: उणे २०००. आता त्या क्वाड्रुपोलच्या वीजप्रवाहात दहा हजारांत एक भागाची चूक होऊ द्या. ट्यून ०.०२५ ने सरकते आणि बीटामध्ये १५ टक्क्यांहून मोठी लाट उठते. तो क्वाड्रुपोल १ मायक्रोमीटर वर सरकला तर टक्करबिंदूवर बीम अर्धा मायक्रोमीटर सरकतो. बीमची उंची ३६ नॅनोमीटर, म्हणजे चौदापट! दोन्ही बीमचे शेवटचे क्वाड्रुपोल वेगवेगळे असल्यामुळे दोघेही एकत्र सरकतील अशी आशा नाही. त्यामुळे इथे ऑप्टिक्सवाल्याला क्रायोस्टॅटची कंपने, आधार आणि जलद फीडबॅक यांची माणसे गाठावीच लागतात. तुलनेसाठी: केईकेच्या एटीएफ-टू या चाचणी यंत्रात ३७ नॅनोमीटरचे लक्ष्य होते आणि २०१६ साली ४१ नॅनोमीटरपर्यंत पोहोचता आले, तेही कमी तीव्रतेच्या बीमने आणि एका सरळ मार्गात. एफसीसी-ईईला तेच रिंगमध्ये, सतत, चार ठिकाणी साधायचे आहे.

उणे २००० ची क्रोमॅटिसिटी आर्कमधल्या सेक्स्टुपोलनी सुधारता येत नाही, कारण बीम तिथे पोहोचेपर्यंत वेगवेगळ्या ऊर्जेच्या कणांची फेज विस्कटलेली असते. म्हणून सुधारणा टक्करबिंदूच्या शेजारीच: डिस्पर्शन असलेल्या जागी सेक्स्टुपोलची जोडी, आणि दोघांमध्ये दोन्ही प्रतलांत फेज पाय, म्हणजे मधले मॅट्रिक्स उणे एकक. त्यामुळे क्रोमॅटिसिटीचा परिणाम बेरजेत जातो आणि भौमितिक विकृती एकमेकींना खातात. ही जोडी अचूक उणे एकक राहणे फार महत्त्वाचे; फेज अर्ध्या अंशाने चुकली तरी उरलेली विकृती ६९०० मीटरच्या बीटाच्या दर्जाने वाढून दिसते.

त्यात भर क्रॅब वेस्टची. दोन्ही बीम ३० मिलिरेडियनच्या कोनात भिडतात, म्हणून आडवे अंतर वेगळे असलेले कण वेगळ्या जागी समोरच्या बीमला भेटतात. बीटाची सर्वात अरुंद जागा त्या भेटीच्या जागेवर सरकवायची तर टक्करबिंदूपासून आडव्या प्रतलात पायच्या पूर्ण पटीतल्या आणि उभ्यात अर्ध्या पायच्या विषम पटीतल्या फेजवर सेक्स्टुपोल हवा. पांतालेओ रायमोंदी यांची ही कल्पना इटलीत फ्रास्कातीच्या डाफ्ने यंत्रात २००८-०९ मध्ये सिद्ध झाली आणि केईकेच्या सुपरकेईकेबी कोलायडरने २०२० पासून वापरली. एफसीसी-ईईत वेगळा सेक्स्टुपोल न घालता सुधारणेच्या जोडीतल्या बाहेरच्या सेक्स्टुपोलची ताकद कमी करून हेच साधले आहे. खर्च वाचतो, पण दोन कामे एकाच चुंबकावर येतात. म्हणून रायमोंदी यांनी क्रोमॅटिसिटीची सुधारणा वेगळ्या रीतीने करणारी पर्यायी लॅटिसही मांडली आहे. नवीन विद्यार्थ्याने दोन्हींची तुलना स्वतः करून पाहावी. या क्षेत्रातले बहुतेक खरे मतभेद त्या तुलनेत सापडतात.

आणखी एक बंधन प्रारणाचे. टक्करबिंदूकडे येणाऱ्या बीमचे शेवटच्या साडेचारशे-पाचशे मीटरवरचे वळण इतके मंद ठेवायचे की प्रारणाची क्रांतिक ऊर्जा १०० केईव्हीच्या खाली राहील, नाहीतर डिटेक्टर फोटॉनमध्ये बुडतो. म्हणून येणारी आणि जाणारी बाजू असममित असते. आणि तिथेच डिटेक्टरचा २ टेस्लाचा सोलेनॉइड (गुंडाळीचा चुंबक) बसलेला आहे, ज्यातून बीम १५ मिलिरेडियन तिरका जातो. त्याची भरपाई करणारे उलटे सोलेनॉइड मॉडेलमध्ये नसतील तर उभ्या एमिटन्सचा तुमचा आकडा अर्थहीन आहे.

किती फेऱ्या, किती सिग्मा

डायनॅमिक अपर्चर म्हणजे कण किती दूरवर सोडला तरी टिकतो. सर्नच्या एलएचसीसारख्या प्रोटॉन यंत्रात लाख ते दहा लाख फेऱ्या मोजाव्या लागतात. इलेक्ट्रॉनांचे तसे नाही. झेडच्या ऊर्जेला एका फेरीत ३९ एमईव्ही जातात, त्यामुळे आडवे-उभे दोलन २३०० फेऱ्यांत शमते. टॉपच्या ऊर्जेला फेरीमागे १० जीईव्ही जातात आणि शमन ३५-४० फेऱ्यांत होते. शमनकाळाच्या दुप्पट फेऱ्या पुरेशा. टॉपसाठी दहा हजार फेऱ्या चालवणारा संगणकाचा वेळ वाया घालवतो. प्रारण बंद ठेवून शंभर फेऱ्या चालवणारा चुकीचे उत्तर काढतो.

ते १० जीईव्ही म्हणजे ऊर्जेच्या साडेपाच टक्के. आरएफ एकाच जागी असेल तर रिंगभर बीमची ऊर्जा अधिक-उणे पावणेतीन टक्के करवतीसारखी बदलते, आणि आर्कमधल्या सरासरी ११ सेंटिमीटर डिस्पर्शनने कक्षा ३ मिलिमीटरपर्यंत सरकते. म्हणून प्रत्येक चुंबकाची ताकद तिथल्या ऊर्जेप्रमाणे ठेवतात. याला टेपरिंग म्हणतात. टेपरिंग न करता काढलेला टॉपच्या ऊर्जेचा कोणताही निकाल बैठकीत दाखवू नका.

समोरच्या बीमच्या क्षेत्रात कण फोटॉन फेकतात (याला बीमस्ट्रालुंग म्हणतात) आणि ऊर्जा गमावतात. त्यांना सांभाळायला ऊर्जेची मर्यादा अडीच टक्क्यांपर्यंत रुंद हवी, म्हणून सिग्मा (बीमच्या जाडीच्या पटीत मोजलेले अंतर) आणि ऊर्जा अशा दोन्ही अक्षांवर अपर्चर काढा. सेक्स्टुपोलच्या शेकडो जोड्या स्वतंत्र चल म्हणून देऊन संगणकाला शोधायला लावता येते आणि उत्तर डोळे दिपवणारे येते. पण ते आदर्श लॅटिसला चिकटलेले असते. चुका घातल्या की सगळ्यात आधी तेच कोसळते. शोधाच्या आतच चार-पाच चुकांचे संच घाला, वेळ जास्त लागला तरी चालेल.

चुका घालणे

दुसऱ्या वर्षातला मोठा वेळ इथे जातो, आणि योग्यच जातो. क्वाड्रुपोल, सेक्स्टुपोल, गर्डर (चुंबक बसवायचा आधार) आणि बीम-स्थितीदर्शक यांना यादृच्छिक सरकणे आणि तिरपेपणा द्या. शंभर संच तयार करा. पहिल्याच पावलाला बंद कक्षा सापडत नाही, म्हणून सेक्स्टुपोल बंद ठेवून पहिली फेरी ओढून न्यायची, कक्षा सुधारायची, ट्यून लावायची, मग सेक्स्टुपोल दहा-दहा टक्क्यांनी वाढवत प्रत्येक पायरीला कक्षा पुन्हा सुधारायची. त्यानंतर फेजच्या मोजमापावरून बीटा, मग डिस्पर्शन, मग कपलिंग. प्रत्यक्ष यंत्रात ऑपरेटर याच क्रमाने जातो; तुमच्या सिम्युलेशनला यंत्रात न मिळणारी माहिती वापरू देऊ नका. स्थितीदर्शकाचा गोंधळ आणि त्याची प्रमाणातली चूक घालायची राहून जाते, तेव्हा सगळेच सुधारलेले दिसते.

निकालात सरासरी देऊ नका. मध्यक द्या आणि वाईट दहा टक्के संच वेगळे दाखवा. शंभरातले ३० संच बंद कक्षेपर्यंत पोहोचलेच नाहीत तर तोच तुमचा सर्वात मोलाचा निष्कर्ष आहे. ते गाळून ७० संचांचा सुंदर आलेख काढणे ही या क्षेत्रातली सर्वात घातक सवय. पुढे या आकड्यांवरूनच चुंबक किती अचूक बसवायचे आणि त्यावर किती पैसा लागेल हे ठरणार असते.

कुठे शिकावे, कुठे काम करावे

फ्रान्समध्ये आर्शां येथे दरवर्षी हिवाळ्यात होणारी जुआस ही युरोपीय विद्यापीठांची शाळा, सर्नची ॲक्सिलरेटर स्कूल आणि अमेरिकेतली यूएसपास: यांपैकी एक पीएच.डी.च्या पहिल्या वर्षात कराच. भारत २०१७ पासून सर्नचा सहयोगी सदस्य आहे, त्यामुळे सर्नच्या विद्यार्थी आणि फेलो योजनांचे दार भारतीयांना उघडे आहे. डॉक्टरल योजनेत पदवी तुमच्या विद्यापीठाची असते. म्हणून आधी विद्यापीठातला मार्गदर्शक पक्का करा, मग अर्ज.

इंदूरचे राजा रामण्णा प्रगत तंत्रज्ञान केंद्र विसरू नका. एलएचसीचे चुंबक ज्या हजारो अचूक जॅकवर उभे आहेत त्यांच्या भारतीय पुरवठ्यात आणि अतिसंवाहक सुधारक चुंबकांत या केंद्राचा मोठा वाटा होता. तिथली इंडस-२ ही २.५ जीईव्हीची, १७२.५ मीटर परिघाची रिंग सरावाला उत्तम आहे. १६ डायपोल, प्रत्येकी २२.५ अंश, क्षेत्र १.५ टेस्ला. यावरून त्रिज्या ५.५६ मीटर आणि फेरीमागचे ऊर्जानुकसान सुमारे ६२० केईव्ही हे हाताने काढा, मग एक्ससूटमध्ये रिंग बांधा, चुका घाला, सुधारा. महाराष्ट्रातल्या महाविद्यालयात बसून, साध्या लॅपटॉपवर, दोन महिन्यांत होण्यासारखे काम आहे. अर्जासोबत या कामाचे गिट भांडार जोडलेत तर गुणपत्रिकेपेक्षा ते जास्त लक्षपूर्वक पाहिले जाईल. त्यात न जमलेले प्रयत्न पुसू नका; ते का जमले नाहीत याची दोन ओळींची नोंद ठेवा.

एक व्यवहाराची गोष्ट. एफसीसी-ईई मंजूर झाले तरी बीम २०४० च्या दशकाच्या उत्तरार्धाआधी फिरणार नाही. फक्त त्याच्याच मॉडेलवर तीन वर्षे घालवली तर प्रत्यक्ष बीम एकदाही न पाहता पीएच.डी. होऊ शकते, आणि मग मॉडेलमधल्या कोणत्या आकड्यावर किती विश्वास ठेवायचा हे हाताला कळत नाही. म्हणून विषय ठरवताना मार्गदर्शकाला थेट विचारा: या प्रबंधात चालत्या यंत्रावर किती शिफ्ट मिळतील, आणि कोणत्या? एलएचसीतली ऑप्टिक्स मोजमापे, सुपरकेईकेबी, हॅम्बुर्गची पेट्रा-३ किंवा ग्रनोबलची ईएसआरएफ, काहीही चालेल. ईएसआरएफची २०२० पासून चालणारी नवी लॅटिस रायमोंदी यांच्याच रचनेवर उभी आहे. उणे एककाने जोडलेल्या सेक्स्टुपोलच्या जोड्या तिथेही आहेत, आणि तिथे त्या रोज मोजून पाहता येतात. उत्तर "बघू पुढे" असे आले तर दुसऱ्या मार्गदर्शकाशीही बोलून घ्या.